गवत संपलं होतं

वर्षातून एकदा आमच्या कॉलेजातले इतिहासाचे मानोजीराव सर भर तासात वर्ग सोडून निघून जायचे. आजारी पडून नव्हे, रागावून तर नव्हेच. आधी दारापाशी खडूचा डबा ठेवायचे. हा मंगोलिया. तिथून बाकांच्या मधून पाय आपटत निघायचे. पहिल्या बाकावर समरकंद, मधल्या बाकांवर रशिया, आणि शेवटच्या बाकावरची टवाळ पोरं म्हणजे हंगेरी. एकेक राज्य पडत जायचं, पोरं बाकं बडवायची, आणि भिंतीपलीकडे खडकांचे प्रकार शिकवत असलेल्या माझं डोकं फिरायचं. खिडकीशी पोचले की सर गजाला हात लावून थांबायचे. ही डॅन्यूब नदी. पुढे अख्खा युरोप उघडा पडलाय, अडवायला कुणी नाही. मग आवाज एकदम खाली यायचा. "इतक्यात मागून एक स्वार आला. म्हणाला, घरी मोठा खान वारला." एवढं म्हणून गर्रकन वळायचे, आल्या वाटेनं जाऊन खडूचा डबा उचलायचे आणि दाराबाहेर. फौज परत गेली! घंटेला अजून कितीतरी वेळ असायचा, पण एक पोर जागचं हलायचं नाही.

बेंगळुरात बनशंकरीतलं आमचं कॉलेज खाजगी, लहानसं. मी मूळची निपाणीची, विषय भूगोल, आणि तोंड निपाणीच्या तंबाखूइतकंच तिखट. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे मी आणि मानोजीराव सर, दोघंच. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बेंगळुरात आलं ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. "आमचं मराठी स्वल्प आंबलेलं असतंय, अक्का," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "पण दोसा त्याचाच चांगला होतो." वयानं माझ्याहून बरेच मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. मी त्यांना अण्णा. वर्गात ते कानडीतून शिकवायचे, पण तासाला काय काय घडलं ते डबा खाताना मला पुन्हा सगळं मराठीतून ऐकावं लागायचं. असा हा मंगोलांचा माणूस आयुष्यात कधी घोड्यावर बसला नव्हता. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी माझ्या मागे लपायचा.

आता गप्प बसेन ती मी कसली! पहिल्याच वर्षी मी त्यांना सुनावलं. "अण्णा, मयत-बियत काही नाही हो. त्या साली हंगेरीत पाऊस फार झाला, कुरणं चिखलात गेली. एकेका स्वाराचे कितीतरी घोडे. ते खाणार काय? गवत संपलं म्हणून निघाले ते. असं म्हणणारे इतिहासवालेही आहेत, वाचा जरा."

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. "गवतासाठी कोण परत जातंय, अक्का? गवत पुढेपण असतंय. परत जायला मागे माणूस लागतंय."

झालं, त्या दिवसापासून हे भांडण वीसेक वर्षं चाललं. नवीन आलेल्या शिक्षकांना आम्ही आधी विचारायचो, तुम्ही गवताच्या बाजूचे की मयताच्या? एकदा चिडून मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की ज्या दिवशी अण्णा गवत कबूल करतील, त्या दिवशी अख्ख्या कॉलेजला माझ्या हातचा म्हैसूरपाक वाटीन. अण्णा म्हणाले, "वाटा की. पण तुमचं तूप वाचणार आहे, बघा."

माझ्याकडे एक हुकमी पान होतं. त्या फौजेचा सेनापती, खानाचा सख्खा पुतण्या, तो स्वतः काही घरी गेला नाही. वाटेत व्होल्गा नदीच्या काठी थांबला आणि तिथेच आपलं वेगळं राज्य मांडून बसला. हे काढलं की अण्णांचा चेहरा उतरायचा. "पाय दुखत होते त्याचे," ते म्हणायचे, जणू शेजारच्या घरातलंच सांगताहेत. "निरोप पाठवला होता त्यानं. मुद्दाम नाही राहिला." मग थोड्या वेळानं आपणहून बोलायचे. "पण तिथनंच फुटलं, अक्का. हूण घ्या, तुर्क घ्या, मंगोल घ्या. एक माणूस उठतो, विखुरलेल्या टोळ्या एकत्र बांधतो, नातवंडांच्या काळापर्यंत अर्धी पृथ्वी होते. आणि मग पडतंय. पुस्तकात कर लिहितात, रोगराई लिहितात, भाऊबंदकी लिहितात. सगळं खरं. पण त्याच्या आधी कुणीतरी एकजण घरी यायचा राहतो. तडा तिथनं जातो, सरी? बरोबर ना?"

त्यांच्या घरचं साम्राज्य तीन माणसांचं. अण्णा, बायको सरोजक्का आणि मुलगा विनू. सरोजक्का हसऱ्या, बोलायला फटकळ. रविवारी मला जेवायला बोलवायच्या आणि पानावर वाढता वाढता नवऱ्याची उणीदुणी काढायच्या. "यांची फौज हंगेरीतनं परत येते हो, पण कोथिंबीर आणायला पाठवलं की हे येत नाहीत." अण्णा मान खाली घालून हसत राहायचे. बायकोनं चेष्टा केली की त्या माणसाला जेवण जास्त जायचं, हे मी किती वेळा पाहिलंय.

विनू आमच्याच कॉलेजात शिकला. त्या वर्षी तो पाठ आला तेव्हा मी मुद्दाम माझ्या वर्गाच्या दारात उभी होते. अण्णा डॅन्यूबवरून वळले, डबा उचलून बाहेर पडले, पोरं नेहमीसारखी थिजून बसली. आणि विनू उठला. दप्तर खांद्याला लावून बापाच्या मागोमाग चालत निघाला. व्हरांड्यात अण्णांनी वळून बघितलं. काय तो चेहरा! स्टाफरूममध्ये आल्यावर टेबलावर थाप मारून म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, अक्का, फौजेतला एकटा विनूच निघाला बघा!" आठवडाभर हेच चाललं होतं. वॉचमनला सांगून झालं, इडलीवाल्याला सांगून झालं.

पुढे विनू अमेरिकेला गेला. देवनहळ्ळीच्या विमानतळावर त्याला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. सरोजक्का रडत होत्या आणि अण्णा त्यांना समजावत होते, "अगं, जायलाच पाहिजे. गेल्याशिवाय परत कसा येईल?" सुरुवातीला तो यायचाही. नंतर तिथले कायदे बदलत गेले, त्याचे राहण्याचे कागद कुठेतरी अडकले. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं वकील म्हणायचे. तिथे बायको, लहान मुलगी, नोकरी. येणं पुढच्या वर्षावर गेलं, मग त्याच्या पुढच्या.

अशात सरोजक्का गेल्या. सकाळी कुकर लावला आणि ओट्यापाशीच कोसळल्या.

आमच्याकडे परदेशातलं कुणी यायचं असलं की तोवर मयत ठेवायला थंड पेटी भाड्यानं आणतात. काचेची, घरघर करणारी. अण्णांनी ती आणवली. सगळे विचारत होते, विनू येतोय का? विनू फोनवर नुसता रडत होता. बघतो म्हणायचा, वकिलाशी बोलतोय म्हणायचा. अण्णा पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "येईल, अक्का. निरोप पोचलाय. तेव्हा निरोप पोचायला महिने लागायचे, टप्प्याटप्प्याला घोडे बदलायचे. आता तर क्षणात पोचतो." दुसरा दिवस गेला. नातेवाईक कुजबुजायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा पुतण्या माझ्याकडे आला, म्हणाला, तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. कपाळ माझं! आयुष्यभर ज्याला एक गोष्ट पटवता आली नाही, त्याला मी हे सांगायचं. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि पेटीचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. ती घरघर थांबली तेव्हा मला हुंदका आवरला नाही. त्या पोराचा मला इतका संताप आला होता, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षीही तो पाठ आला. आम्ही सगळे नको म्हणत असताना अण्णांनी घेतला. भिंतीपलीकडून पाय आपटल्याचा आवाज येईना, तेव्हा मी माझा वर्ग टाकून त्यांच्या दाराशी गेले. अण्णा खिडकीशी पोचले होते. गजाला हात लावून फार वेळ बाहेर बघत होते. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग फौज परत का गेली?"

"गवत संपलं होतं," अण्णा म्हणाले. मग हळूहळू चालत येऊन खुर्चीत बसले आणि घंटा होईपर्यंत बसूनच राहिले.

स्टाफरूममध्ये मी त्यांच्यावर धावून गेले. "असं काय सांगितलंत पोरांना?"

"वीस वर्षं तुम्हीच सांगताय की."

"अहो, मी भांडायला सांगत होते!"

अण्णा हसल्यासारखं करून म्हणाले, "स्वल्प विचार करा, अक्का. घरी मयत झालं की माणूस परत येतोच, असं मी म्हटलं, तर जो आला नाही त्याला काय म्हणायचं? त्याला आईची माया नव्हती म्हणायचं? गवत म्हटलं की कुणाचाच दोष नाही. घोड्याच्या पोटात काही नसलं तर वर बसलेला काय करणार?"

ज्या वादात जिंकायला मी इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला, तो असा जिंकला जाईल हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी कान पकडून मयताच्या बाजूला गेले असते. म्हैसूरपाकाचं कुणी नावही काढलं नाही.

त्यानंतर अण्णांनी कॉलेज सोडलं. मी संध्याकाळी जायची, चहा करून द्यायची. विनूचा फोन आला की हे मोठ्यानं हसून बोलायचे, नातीला कानडी गाणं म्हणून दाखवायचे. फोन ठेवला की मला सांगायचे, "बिचाऱ्याला तिकडे चाराच नाही हो. आपण काय म्हणणार!" तोंडानं हे चाललेलं असायचं आणि डोळे फाटकाकडे. त्या फाटकाला त्यांनी कधी कडी म्हणून लावली नाही. विमानं पहाटे उतरतात, पोर दमून आलेलं असेल, त्याला बाहेर ताटकळायला नको, हा त्यांचा हिशेब. उघड्या फाटकातून गाय आत यायची आणि सरोजक्कांची जास्वंद खाऊन जायची. शेजारी ओरडायचे. अण्णा म्हणायचे, खाऊ दे, भूक लागली असेल.

एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "माझ्या वेळी ती पेटी नको, अक्का. कुणाला वाट बघायला लावू नका. त्याच दिवशी उरकून टाका." मी त्यांना झापलं, असलं अभद्र बोलायचं नाही म्हणून. पण त्यांनी पुतण्यालाही सांगून ठेवलं होतं. ते दुपारी झोपेत गेले आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं झालंसुद्धा.

विनू दहाव्याच्या आदल्या दिवशी आला. कागद अखेर हातात पडले होते, आई गेली त्याहून वर्षभर उशिरा. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. घरात कुठे बसावं ते त्याला कळेना. शेवटी बापाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, अण्णा माझ्यावर रागावले होते का?"

माझ्या पोटातला सगळा संताप त्याला बघूनच वितळून गेला होता. मी म्हटलं, "नाही रे. शेवटी शेवटी तर ते गवताच्या बाजूचे झाले होते. वर्गात सांगितलं त्यांनी."

विनूनं झटकन वर बघितलं. "अण्णा? गवत म्हणाले?"

"हो. पटलं त्यांना. इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, शेवटी भूगोलच खरा ठरला." मी हसायचा प्रयत्न केला.

अण्णांचाच मुलगा तो. लहानपणापासून आमचं भांडण ऐकत मोठा झालेला.

"मग म्हैसूरपाक वाटलात का, मावशी?"

आता याला काय सांगू? "नाही रे बाळा," मी म्हटलं. "नाही वाटला."

तेव्हा विनू रडला. कपाळ खुर्चीच्या दांडीवर टेकवून, लहान पोरासारखा आवाज काढून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडले. बाहेर ती गाय आली होती, फाटक ढकलल्याचा आवाज आला. विनू डोळे पुसत उठला, तिला हाकलून आला, आणि येताना त्यानं फाटकाला कडी लावली.