हात वर!

आमच्या बर्मिंगहॅमच्या मोटार कारखान्यात हॉरेस टिबिट्स युनियनचा पुढारी. चहा कोमट आला तरी हा गरजायचा, "हात वर करा!" हात वर झाले की संप मंजूर, आणि सगळे घरी. कारखाना बुडाला नाही तरच नवल!

पुढे तो जपान्यांनी घेतला. पहिल्याच सकाळी नव्या कुरोसे साहेबांनी जपानी रिवाजाप्रमाणे आम्हाला कवायतीला उभं केलं आणि म्हणाले, "हात वर!"

नऊशे जणांचे हात वर गेले, आणि सवयीने सगळे फाटकाबाहेर.

साहेब धावत आले. "अहो, मागण्या काय तुमच्या?"

हॉरेस भडकला, "मला काय विचारता? संप तुम्ही पुकारलाय!"

तेव्हापासून कवायतीत नुसतं खाली वाकायचं असतं. गाड्या मात्र धडाधड निघतात.