तात्यांच्या वतीने

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मुखत्यार तात्यांचे आहेत. कर्जतमध्ये त्यांना सगळे याच नावाने ओळखत. गाव सोडून गेलेली माणसं आपली जागाजमीन विकायचा अधिकार त्यांच्या नावे लिहून देत, आणि तात्या त्यांच्या वतीने सह्या करत. जन्मभर हाच धंदा केला, पण घेणाऱ्याचा चहा त्यांनी कधी घेतला नाही.

“मी विकणाऱ्याचा माणूस हाय,” ते म्हणत. “तुजा च्या प्यायलो, तर घासाघीस कोणाच्या बाजूनं करू रं?”

साजगावच्या एका व्यवहारात घेणाऱ्याने आंब्यांची पेटी त्यांच्या घरी पाठवली. तात्यांनी ती न उघडता टेंपोने ठाण्याला, जमीनमालकाकडे रवाना केली. मालकाने फोन करून विचारलं, “हे काय हो?” तात्या म्हणाले, “तुमच्या कामापायी आलेत, तुमचेच. एखादा धाडलात तर खाईन.” मालकाने धाडला नाही. ती गोष्ट तात्या पुढे कित्येक वर्षं हसत सांगायचे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो, तरी कुठे काम मिळेना. तात्यांनी स्वतःच्या टेबलासमोर दुसरं टेबल टाकलं आणि म्हणाले, “बस हितं.” पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. कामाचा हालहवाल मालकाला पत्राने कळवायचा, कारण तोंडी बोललेलं दोघंही विसरतात. आणि मालकाकडचा फोन पहिल्या घंटेला उचलायचा. “त्याचा विचार बदलला असंल, तर सहीच्या आदी तुला कळाया नको?”

मागच्या वर्षी तात्या आजारी पडले. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी दहिवलीतलं घर आणि अंगण विकायचा अधिकार माझ्या नावे केला. आता ते मालक आणि मी मुखत्यार. शेलूला इमारती बांधणारा एक बिल्डर जास्त भाव देत होता. तात्यांनी जागा शेजारच्या वत्सलाकाकूंना द्यायला सांगितली, कारण काकूंच्या घरी जायची वाट त्याच अंगणातून होती. “भाव मला कळतो,” तात्या म्हणाले. “तू मी सांगतो तेवडंच कर.”

नोंदणीच्या दिवशी काकू नवी साडी नेसून बाकावर बसल्या होत्या. आमचा नंबर लागला. मी पेन काढलं आणि फोन वाजला. पडद्यावर तात्यांच्या मुलीचं नाव होतं. मी पहिल्या घंटेला उचलला. तात्या पहाटे गेले होते.

मालक गेला की मुखत्यारपत्रही गेलं. आपल्याला कळेपर्यंत केलेली सही टिकते. कळल्यावर पेनाला हात लावायचा नाही. हेही तात्यांनीच शिकवलं होतं. मी पेन खिशात ठेवलं आणि काकूंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, “फोन जरा उशिरा उचलला असतास तर?”

“सही झाली असती.”

“मग आता कर की. कोणाला कळतंय?”

“मला कळलंय, काकू.”

“त्याच्याच मनासारखं व्हनार होतं रं,” त्या म्हणाल्या. पंखा फिरत होता. मागच्या माणसाने आमच्या पुढे जाऊन कागद ठेवले.

वारसांनी जागा बिल्डरला दिली. त्यांचा तो हक्क होता. अंगणाला आता पत्रे लागले आहेत, आणि काकू मागच्या बांधावरून घरी जातात. भेटल्या की चहा विचारतात. मी घेतो. रडू मला तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

नोंदणीच्या आदल्या दिवशी मी तात्यांना पत्र टाकलं होतं. ते दिवसकार्य झाल्यावर पोचलं. मुलीने त्याचा फोटो मला पाठवला.

“ती. तात्यांना सा. नमस्कार.

उद्या नोंदणी आहे. कागद दोनदा वाचले. बिल्डरचा माणूस परत आला होता, भाव वाढवून देतो म्हणाला. तुम्ही सांगितलंत तेच त्याला सांगितलं. त्याने चहा मागवला, मी घेतला नाही. तुमच्या तुळशीला काकू पाणी घालतात. सही झाली की तिथूनच फोन करतो. पहिल्या घंटेला उचला.”