विथ ड्यू रिस्पेक्ट

"किससे लिखवाया?"

बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, माझा अर्ज दोन बोटांत धरून अख्ख्या ऑफिसाला दाखवला. मी पाण्याचा ट्रे घेऊन समोर उभी.

"खुद लिखा है, सर."

"तूने? ये अंग्रेज़ी?" ते हसले. मग सगळेच हसले.

झाशीच्या या ऑफिसात मी नऊ वर्षं शिपाई. फायली या टेबलावरून त्या टेबलावर. नेता नेता वाचल्या, वाचता वाचता शिकले. क्लार्कच्या परीक्षेसाठी नावं पाठवायची होती. माझा हक्क होता. बडे बाबूंनी माझं नाव गाळलं आणि शेरा मारला, इंग्रजी कच्ची. अरे, माझी इंग्रजी बघितली कधी कुणी?

म्हणून लिहिलं: विथ ड्यू रिस्पेक्ट, आय डिसअग्री. विथ ड्यू रिस्पेक्ट इथं सगळेच लिहितात. रजा हवी, लिहा. पंखा बिघडला, लिहा. पण ते शब्द खरे लागतात साहेबाचा मान ठेवून साहेबाचं म्हणणं खोडायचं असतं तेव्हा. मी नेमके तिथंच लिहिले. तेच झोंबलं.

"तुम लोगों को कोटा भी चाहिए, अंग्रेज़ी भी!" बडे बाबूंनी अर्ज फाडला. कोरा कागद माझ्यापुढं टाकला. "लिख, मेरी अंग्रेज़ी कमज़ोर है, माफ़ी चाहती हूँ."

शेजारच्या टेबलावर दतिया गेट मोहल्ल्यात राहणाऱ्या ताई. ऑफिसात मराठी आम्ही दोघीच. त्यांचं घराणं इथं कैक पिढ्यांचं; माझे बाबा भुसावळहून रेल्वेत गँगमन म्हणून आलेले. ताई माझ्या हातचं पाणी पीत नाहीत, घरून बाटली आणतात. हळूच म्हणाल्या, "अगं, कशाला वाकड्यात शिरतेस? लिहून मोकळी हो."

माझं डोकंच फिरलं. फाडणाऱ्यापेक्षा या गोड बोलण्याचा संताप जास्त आला.

"तुम्ही दिली असती लिहून माफी?"

ताईंनी आपली बाटली उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मी ट्रे खाली ठेवला. त्याच कागदावर तोच अर्ज पहिल्यापासून लिहिला. खाली जोडलं, पहिला अर्ज बडे बाबूंनी सर्वांसमोर फाडला. तारीख, वेळ, सही. आवक टेबलावर नेऊन शिक्का घेतला, पोच घेतली.

"नौकरी प्यारी नहीं है?" बडे बाबू मागून ओरडले.

"है. इसीलिए लिखा."

उद्या वरच्या साहेबांकडे जाते. तिथंही फाडला तर कोर्टात जाईन. परीक्षेला मी बसणार. आणि माफी? ती माझ्या हातून या ऑफिसात कुणालाही मिळणार नाही.