मागून उमटलेली अक्षरं

सांगलीत विश्रामबागेतल्या ऑफिसात बसून मी कोरेगावजवळच्या एका दवाखान्याचा फायरवॉल सांभाळायचो. फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारातला राखणदार. पण त्याला हुकूम द्यायची माझी वाटही त्याच दारातून जायची. वेगळी लाइन घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो.

त्या दुपारी गावची जत्रा होती. आपल्याकडचा पाहुणचार विचारू नका. दवाखान्यानं वायफायचा पासवर्ड दारावरच चिकटवला होता. जो तो मोबाईलवर कुस्त्यांचं मैदान बघत होता. तेवढ्यात दवाखान्यातल्या स्कॅन काढणाऱ्याचा फोन आला.

"आवं सायेब, एका म्हातारीचं त्वांड वाकडं झालंय, हात हलंना. सांगलीच्या डॉक्टरनी मेंदूचं फोटू बघितल्याबिगर गुठळीची सुई देता येत न्हाई, आन् फोटू म्होरं सरकंनात!"

"भिंतीवरचे वायफायचे डबे बंद करा, सगळ्या मजल्यांवरचे," असं सांगून मी इकडून फायरवॉलवर शिरलो. टाइप केलेलं पडद्यावर उमटेना. त्या गर्दीत माझी अक्षरंही अडकली होती. वैतागून मी फायरवॉल बंद करून पुन्हा चालू करायचा हुकूम न बघताच लिहिला, वर सवयीनं होकाराचं बटणही दाबलं. पडदा ढिम्म. मी हात मांडीवर ठेवले.

"सायेब, डबं बंद केलं. फोटू निघालं बघा!"

आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं. मग दुसरं. हात मांडीवर होते आणि समोर माझाच हुकूम लिहिला जात होता. अंगावर सर्रकन काटा आला. वाट मोकळी झाली तशी फोटोंबरोबर माझी अक्षरंही निघाली होती. फायरवॉल बंद पडला की फोटो अर्ध्यातच तुटणार. खोडायचं बटण दाबून उपयोग नव्हता, तेही रांगेत शेवटी उभं राहणार. फायरवॉलनं विचारलं, नक्की? मी माझ्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटली.

होकार गेला की राहिला, कळायला मार्ग नव्हता. फोनवर नुसती कुजबुज. मी भयंकर घाबरलो होतो.

"पोचलं फोटू," तो म्हणाला. "सुई द्यायला सांगितलीया."

वायर मुठीतच होती. ती परत खोचली असती, तर आत अडकलेलं ते होकाराचं अक्षर तिथून पुढं निघालं असतं.

बऱ्याच वेळानं फोनवर एक बाई रडत ओरडली, "आईचं बोट हाललं!" मीही रडलो. मग कॉम्प्युटर बंद केला. त्या काळ्या पडद्याकडं पाठ करून बसायची मात्र माझी छाती झाली नाही.