सासू खांडीत आडवी पडली

बांध फुटला आणि माझं लेकरू खाली मिठागरातल्या मांडवात, टोपलीत झोपलेलं! मी वर बांधावर, हातात पेजेचं मडकं, ते कधी पडलं मला ठाऊक नाही. उधाणाची भरती होती, खाडीचं पाणी असं आत घुसलं की मांडवाच्या आणि माझ्या मधे नदीच झाली. उतरले तर पाय ठरेना, नवऱ्याने दंडाला धरून मागे ओढली. देवाचं नाव घ्यायचं तर तोंडातून नुसतं "बाळ, बाळ". त्या घडीला देव आहे असं वाटलंच नाही मला, खरं सांगते.

आमच्या कळव्याला प्रत्येक घराला बांधाचा तुकडा वाटून दिलेला. बांधाला भगदाड पडलं की आम्ही त्याला खांड म्हणतो. ज्याची खांड त्याने तिच्यात आडवं पडायचं, अंगाने पाणी अडवायचं, तोवर बाकीच्यांनी पेंढा न चिखल भरायचा. ही खांड शेजारच्या पास्कूची. खेकड्यांची बिळं त्याने बुजवलीच नव्हती. "उतर, उतर!" सगळे ओरडत होते, आणि सगळ्यांहून मोठ्याने मी, "ढकला मेल्याला!" तो उभा थरथरत, तापाने नुसता सांगाडा झालेला.

तेवढ्यात माझी सासू लुगडं खोचत आली.

"बाजूला हो रे काडी! तू पडलास तर पाणी तुला घेऊन पार दिवा गावाला जाईल."

"पण काकी, खांड माझी आहे."

"होती. आता माझी. माझ्या ह्या जाड्या अंगाला हसता ना सगळे? आज बघा!"

आणि पडली की आडवी. पाण्याचा जोर मोडला. मी छातीभर पाण्यातून गेले, टोपली मांडवाच्या खांबाला अडकून तरंगत होती न लेकरू आत टाहो फोडत होतं. उचललं. मागे वळून बघते तर सासूच्या पाठीवर चिखल चढतोय, आणि पास्कू तिचं डोकं पाण्यावर धरून बसलाय. खांड भरली. तिला वर काढली तर शिंपल्यांनी अंग सोललेलं, डोळे मिटलेले, हालचाल नाही. मी किंचाळले. मग ती खोकली.

"मेले नाही गं. इतक्यात चूल तुझ्या हातात देते होय!"

काय हसलो आम्ही, काय रडलो!

पाद्रीबाबा दर उपासाच्या दिवसांत सांगायचे, येशूने आपली शिक्षा स्वतःवर घेतली. मी मान हलवायचे, पण मनात यायचं, पाप काय मोळी आहे, ह्याच्या डोक्यावरची त्याच्या डोक्यावर द्यायला? आता नाही येत तसं. पास्कूच्या जागी ती पडली, तो वाचला, आणि त्याच्याबरोबर माझं लेकरूही. माझ्या मनासारखं झालं असतं तर दोघंही गेली असती. म्हणून आता मी देवाला अमुक कर, तमुक कर म्हणत नाही. तुझ्या हातात आहोत बाबा, एवढंच म्हणते, आणि लेकराला पोटाशी घेते.

पण बायांनो, तुमचं लेकरू खाली असतं आणि चुकलेला माणूस समोर उभा असता, तर तुम्ही काय केलं असतं?