सातारा-सांगलीची संरक्षित स्मारकं आणि पाण्याखालची एक पायरी

मी सांगलीत एका शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी नववीच्या वर्गाकडून ‘आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू’ असा मोठा तक्ता करून घेते आणि भिंतीवर लावते. त्यातल्या निम्म्या वास्तू मी स्वतः पाहिलेल्या नाहीत, हे मुलांना आजवर सांगितलेलं नव्हतं.

विलास, माझा नवरा, फौजेत होता. त्याच्या पोस्टिंगमुळे मी ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला, जैसलमेर पाहिलं, पण त्याच्या गावापासून तासाभरावर असलेली लिंबची विहीर राहून गेली. “रिटायर झालो की आधी आपलेच दोन जिल्हे,” असं तो दर सुट्टीत म्हणायचा. रिटायर होऊन घरी आला आणि आठव्या महिन्यात हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. ही त्याच्याशिवायची चौथी दिवाळी.

भाऊबीज झाली, लेक मुक्ता पुण्याला परत गेली आणि घर एकदम मोठं झालं. मी तक्त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला आणि सासऱ्यांना फोन केला, की दोन दिवस गाडी घेऊन फिरायला निघालेय, वाटेत तुम्हाला भेटून जाईन.

आबा म्हणाले, “एकलीच निगालीस व्हय? मग मला बी घे की.”

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कराडजवळच्या आमच्या गावी राहतात. शेती थोडी, पण खरा धंदा दगड घडवायचा. जुन्या देवळांची, घाटांची दुरुस्ती निघाली की आबांना बोलावणं यायचं. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं.

पहिला दिवस: कराड, लिंब, मेणवली

सांगलीहून सकाळी सहाला निघाले. आष्टा ओलांडून पेठ नाक्याला हायवेला लागायचं. निघणाऱ्यांना एक सल्ला देते. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आतल्या रस्त्यावर गोगलगाईसारखे चालतात आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. उजाडल्यावर निघा, अंधाराच्या आत परत या.

आबा गावच्या फाट्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. गाडीत बसता बसता म्हणाले, “बेल्ट लावू का गं? विलास लावाय लावायचा.” मी हात लांबवून त्यांचा बेल्ट लावला आणि गाडी काढली.

कराडला कोयना-कृष्णेच्या संगमाजवळ, जुन्या कोटात, नकट्या रावळाची विहीर आहे. वरून नुसता खड्डा वाटतो. कठड्याशी गेलं की लांबच लांब पायऱ्या खाली उतरताना दिसतात. मी खालपर्यंत जाऊन आले, आबा वरच थांबले. मी धापा टाकत वर आले, तर ते संरक्षित स्मारकाची सरकारी निळी पाटी निरखत होते. त्यांना वाचता येतं, पण सावकाश.

“नासधूस केली तर शिक्षा हाय म्हंत्यात,” ते म्हणाले. “बरं हाय. कुनीतरी राखाय पायजे.”

मी मास्तरीणच. म्हटलं, “आबा, असल्या पाट्यांवर राजांची नावं असतात. ज्यांनी दगड घडवले, त्यांची का नसतात?”

“नाव घिऊन काय करायचंय? दगुड बसला का न्हाई ते बगावं.”

हायवेवरच्या ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. कराड-इस्लामपूरच्या टापूतला हा पदार्थ आवर्जून खा. दोघांचं पोटभर जेवण तीनशेच्या आत झालं. सातारा मागे टाकून लिंब फाट्याला वळलं की रस्ता अरुंद होतो. गावात कुणालाही बारा मोटेची विहीर विचारा, बोट दाखवतील. गाडी गावातच लावून शेतांमधून थोडं चाललेलं बरं.

ही विहीर पाहून मी खरंच खुळावले. जमिनीच्या पोटात उतरलेला महाल आहे हा. पायऱ्या उतरून दगडी दारातून आत गेलं, की खांबांवर तोललेली खोली आणि खाली हिरवं, गार पाणी. आबा या पायऱ्या बसत-बसत उतरले. कमानीखाली उभं राहून दगडांच्या सांध्यावरून नखाची कड फिरवत राहिले.

“नख जात न्हाई बग,” ते म्हणाले. आवाजात असूया होती. “कसं केलं असंल गं?”

मी वळून म्हणणार होते, “विलास, ऐकलंस?” ओठांपर्यंत आलं होतं. चार वर्षं झाली, तरी सुंदर काही दिसलं की मान आपोआप त्याच्या बाजूला वळते. त्याच्यासोबत पाहिलेल्या जागी मला एवढं होत नाही. न पाहिलेल्या जागी होतं.

पाचवडवरून वाईकडे वळलो आणि ऊन कलताना मेणवलीच्या घाटावर पोचलो. तिथल्या जुन्या वाड्याला तिकीट आहे, घाट मोकळा. कृष्णेचं पाणी संथ होतं, पलीकडे गुरं उतरली होती. छोट्या देवळात टांगलेली मोठी परदेशी घंटा बघायला एक सहल आली होती. आबांना घंटेत काही रस नव्हता. ते खालच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत होते, आणि मी दोनदा हाक मारली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. वाईत साध्याशा लॉजवर दोन खोल्या घेतल्या. जेवणही त्यांनी अर्धंच टाकलं. मला वाटलं, दगदग झाली.

दुसरा दिवस: माहुली, आणि यादीत नसलेलं एक गाव

सकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन साताऱ्याकडे निघालो. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तिथं संगम माहुलीची देवळं आहेत. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर शिखरं, मध्ये पाणी. सकाळी आठच्या सुमाराला जा. त्या वेळचा उजेड दगडाला मऊ करतो.

देवळाबाहेर टपरीवर चहा घेताना आबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पोरी, तुज्या यादीत न्हाई असं एक देऊळ हाय. जाता जाता हुईल. नेशील?”

“नेते की. तुम्ही काम केलंय तिथं?”

“मी केलंय. आन् विलासनं बी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बावीस वर्षं त्याच्याशी संसार केला. त्यानं कधी छिन्नी हातात धरली होती, हे मला माहीत नव्हतं.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का ते कळेल. सातारा-कराडच्या मध्ये हायवे सोडून कृष्णाकाठाला जायचं, एवढं सांगते. वाटेत आबा समोर रस्त्याकडे बघत बोलत होते.

“भरतीच्या आदीची गोष्ट. घाटाच्या पायऱ्यांचं काम निगालं हुतं. म्या त्याला संगं घेतलं, म्हनलं, धंदा शिकंल. पर त्यो डावखुरा. डाव्या हातानं हातोडी मारायचा. म्या लय सांगितलं, उजव्यानं मार, आपल्या घरात कुनी डाव्यानं दगुड घडवला न्हाई. ऐकंना. म्हैनाभर एकच दगुड घडवत बसला. आन् तयार झाला तवा म्या समद्या गड्यांम्होरं म्हनलं, असला दगुड जनावराच्या गोठ्यातबी कुनी बसवनार न्हाई.”

मी गाडीचा वेग कमी केला.

“त्यानं छिन्नी पुसली, माज्या पिशवीत ठिवली. आठ दिसांत भरतीला गेला. लोकं म्हंत्यात, पोरगं देशासाटी गेलं. मीबी तसंच सांगत आलो. पर खरं तर म्या घालवला त्याला.”

“आबा, त्याला फौज आवडायची,” मी म्हटलं. ते खरंच होतं. पण त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं.

देऊळ छोटं, काळ्या दगडाचं, वडाच्या सावलीतलं. दारात तीच निळी पाटी, गंजलेली. पुजारी आबांच्या वयाचे. त्यांनी आबांना लांबूनच ओळखलं. “आवं, लय वरसांनी!” म्हणत त्यांना कट्ट्यावर बसवू लागले. पण आबा थांबले नाहीत. काठी टेकत देवळामागं घाटाकडे गेले आणि घाटावर पोचून नुसतेच उभे राहिले.

पुजारी मागून आले. “बंधाऱ्याला बरगं घातलं की ह्या दिसांत. पाणी चढलंय.”

बरगे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवायच्या फळ्या; त्यामुळे खालच्या चार-पाच पायऱ्या नदीत होत्या. आबांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना.

“कुठं आहे तो दगड?” मी विचारलं.

“तिसऱ्या पायरीला. पान्यात. उजव्या अंगाला.” मग म्हणाले, “कामावरचं सायेब म्हनलं हुतं, टाकून द्या त्यो. म्या न्हाई टाकला. विलास भरतीला गेल्यावर म्याच बसवला. म्हनलं, पान्याखाली जाईल, कुनाला दिसतोय.”

“त्याला सांगितलंत कधी?”

त्यांनी मान हलवली. “सांगू सांगू म्हंत ऱ्हायलं.”

मी चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. पुजारी “ताई, शेवाळ हाय, घसराल,” म्हणत होते. आबांनी काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घट्ट धरलं आणि कोरड्या पायरीवर बसकण मारली.

पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर पाणी गुडघ्याच्या वर आलं. पायाखाली सगळं बुळबुळीत. मी ओणवी झाले, बाही भिजवत हात खाली घातला आणि दगड चाचपू लागले. शेवाळाखाली छिन्नीच्या रेघा लागत होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.

“कशा लागत्यात रेगा?” आबांनी वरून विचारलं.

“उजवीकडं.”

“मग त्यो न्हाई. त्यो माजा. फुडं सरक.”

आणखी एक दगड. तोही उजवीकडचा. काठी ताणली गेली, आबा पुढे वाकले. मी शेवटच्या दगडावर हात ठेवला. शेवाळ बोटांनी खरवडलं. रेघा डावीकडे कलत होत्या. एकदा, दोनदा फिरवून पाहिलं. सगळ्याच डावीकडे. जवळजवळ, बारीक, न चुकता, कडेपर्यंत. एखाद्यानं महिनाभर खपून घडवलेला दगड होता तो.

मी त्यावर पूर्ण तळवा टेकवला. हा विलास एकोणीस वर्षांचा होता. माझी त्याची तेव्हा ओळखही नव्हती. तो गेल्यापासून मला वाटत होतं, की आता त्याच्याकडून नवीन असं काही यायचं नाही. आहे तेच पुन्हापुन्हा आठवत राहायचं. आणि इथं हाताखाली त्याची एक नवी गोष्ट होती. मला तो इतका हवासा झाला, की मी तशीच वाकून राहिले.

“गावला का गं?”

“गावला आबा.”

मी वर आले, ओल्या कपड्यांनीच त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, “माज्याबद्दल त्यो कवा काय बोलायचा का?”

मला खोटं बोलावं लागलं नाही. “कुठल्याही किल्ल्यावर गेलो की तो भिंतीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, दगड बसवावा तर आमच्या आबांनी. ग्वाल्हेरला म्हणाला होता. जैसलमेरलाही. मला वाटायचं, सहजच म्हणतोय.”

आबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. पुजारी उठून देवळात गेले. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथं बसलो होतो.

गावाचं नाव का लिहिलं नाही, ते आता समजलं असेल. तो दगड शोधायला कुणी पाण्यात उतरावं, फोटो काढावेत, असं मला वाटत नाही. पण अशी देवळं या दोन्ही जिल्ह्यांत नदीकाठानं बरीच आहेत. शोधा, सापडतील.

परत

आबांना घरी सोडलं. जाऊबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, गाडीत उसाच्या कांड्या ठेवल्या. निघताना आबा म्हणाले, “उन्हाळ्यात बरगं काढत्यात. तवा पायऱ्या उगड्या पडत्यात.” ये असं म्हणाले नाहीत, मीही येते म्हणाले नाही.

दिवस मावळायच्या आत सांगलीत पोचले. मुक्ताला फोटो पाठवले: विहीर, घाट, आबा चहा पिताना. तिनं विचारलं, “बेस्ट काय होतं?” मी लिंबची विहीर म्हणून सांगितलं. बाकीचं तिला समोर बसवून सांगायचंय. तिच्या बापाची गोष्ट आहे, आणि ती फोनवर मावणार नाही.

तक्त्यातल्या बऱ्याच वास्तू आता पाहून झाल्यात. खरं सांगायचं तर मन निवलं नाही. उलट विलासची आठवण पूर्वीपेक्षा जास्त येते. त्याला विचारायचं असं खूप काही निघालंय. एवढं नीट काम जमत होतं, तर पुन्हा छिन्नी का नाही धरलीस? मला का नाही सांगितलंस? निवृत्तीनंतर ‘आपले दोन जिल्हे’ दाखवताना त्या घाटावर नेणार होतास का? याची उत्तरं कुणाकडेच नाहीत. पण मधल्या वर्षांत मला त्याला विचारावंसं काही उरलंच नव्हतं, त्यापेक्षा हे बरं वाटतं.

पोचले हे कळवायला आबांना फोन केला.

“पोचलीस? बरं झालं,” ते म्हणाले. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. पुन्हा आवाज आला, “पानी लय गार हुतं का गं?”

“नव्हतं आबा.”

“तवा लय गार असायचं. सकाळी पाय घालताना बोंबलायचा निस्ता.” आबा हसले. त्यांना हसताना चार वर्षांत ऐकलं नव्हतं. “समद्या घाटावर आवाज जायाचा त्याचा.”

“अजून सांगा,” मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.