दुमडलेल्या जीन्समधली वाळू

कॅम्प तीन या आमच्या जुन्या वस्तीच्या गल्लीतून रिक्षा जाते तेव्हा कारखान्यांतून नव्या जीन्सचा कडवट वास येतो, आणि मला आई आठवते. ती घरी बसून जीन्सचे लोंबणारे धागे कापायची. दिवसभर तिच्यासमोर निळा ढीग असायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी "ऑफिसचं ट्रेनिंग आहे" असं सांगून शनिवार-रविवार एकटीच श्रीवर्धनला गेले. दोन दिवस कुणाशी फारसं बोलले नाही. जीन्स दुमडून नुसती पाण्यात उभी राहायचे. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून न्यायची आणि मला उगाच हसू यायचं.

निघताना मी बॅग झटकली, चपलासुद्धा धुतल्या. पण आईच्या हाताला सवयच होती. धुवायला टाकलेली माझी जीन्स तिनं उचलली, धागा बघायला खालची दुमड उलगडली, आणि तिच्या मांडीवर वाळू सांडली.

आता ओरडणार, असं मला वाटलं.

"एकटीच गेलेलीस?"

"हो."

तिनं वाळू तळहातावर गोळा केली, बोटानं चोळून बघितली. "पाणी गार होतं का गं?"

"नाही, कोमट होतं."

ती हसली, वाळू मोगऱ्याच्या कुंडीत टाकली आणि परत धागे कापायला बसली.

तेव्हा वाटलं, सुटले बाई. ती रागावायचं सोडून पाण्याचं का विचारत होती, हे कळलं तेव्हा ती नव्हती. त्या दिवशी मी नुसतं "येतेस का?" म्हणाले असते, तर ती हातातला कटर ठेवून उठली असती.